टोपीतला लाल दाणा

न्यू कल्मार, नेब्रास्का
९ मे

प्रिय लव्हॉन,

माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटंसुलटं करशील आणि म्हणशील, आर्डिसला झालं काय, फोन मोडला की काय तिचा! फोन धड आहे. मीच धड नाही. फोनवर तू इथलं हवामान विचारतेस, मी माझ्या गुडघ्यांचं सांगते, आणि मग दोघी 'बरं, ठेवते' म्हणतो. तीस वर्षं आपण असंच ठेवत आलो. आज मला जे सांगायचं आहे ते तसं ठेवून देता येणार नाही, म्हणून सकाळची कॉफी झाल्याबरोबर लिहायला बसले. दिवसभरात दुसरं काम नाही, आणि यापुढेही नसेल.

बातमी तुझ्यापर्यंत ट्यूसॉनला पोहोचली असेलच. आमचं कल्मार कॉलेज या महिन्याच्या अखेरीला बंद होतंय. प्राचार्यांनी सगळ्यांना चॅपेलमध्ये बोलावलं आणि कागद वाचून दाखवला. आवाज इतका बारीक की मागून स्वयंपाकघरातली एक बाई ओरडली, "मोठ्याने वाचा हो, इथे काही ऐकू येत नाहीये." बिचाऱ्याने पहिल्यापासून परत वाचलं. म्हणजे आमचं मरण आम्हाला दोनदा ऐकावं लागलं. नंतर खाली तळघरात कॉफी आणि ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई होती. लोक खाली मान घालून खात होते, मीही खाल्ली. मला तेव्हा रडू आलं नाही. रडू आलं ते चार दिवसांनी, दुकानात, व्हॉलीबॉलच्या मुलींसाठी म्हणून सवयीने लिंबाच्या गोळ्यांची मोठी पिशवी उचलली तेव्हा. मी निवृत्त होऊनसुद्धा बारा वर्षं झालीत, तरी.

आम्ही गेलो म्हणजे कॉलेजांच्या सामन्यांचं आपलं मंडळही गेलं. उरतात ग्रुनफेल्ड आणि सेंट वॉल्बर्ग, दोनच कॉलेजं. दोघांचं कसलं मंडळ, ते नुसतं भांडण. तेव्हा येत्या शनिवारी जुन्या डेपोत कॉटनवुड मंडळाची शेवटची सभा आहे आणि तिच्यापुढे ठराव एकच, मंडळ विसर्जित करावं. त्यासाठी एक छोटं पुस्तक छापायचं आहे, कोणतं कॉलेज कधी आलं, कधी गेलं, कोण जिंकलं, एका वर्षाला एक पान. सेंट वॉल्बर्गचा तरुण कोच घरी आला आणि म्हणाला, "मिस एकब्लाड, तुमच्याशिवाय हे आठवणार कोणाला?" बाकीचे सगळे मेले, असं तो चांगल्या शब्दांत सांगत होता. मी हो म्हटलं. एकशेएक पानं लिहून तयार आहेत, लव्हॉन. फक्त १९९४ चं पान कोरं आहे. ते तुझ्याशी बोलल्याशिवाय मला लिहिता येत नाही, आणि शनिवारच्या आत ते लिहायचं आहे.

पहिलं पान चांगलं जमलंय. तुला सगळं पाठ आहे, पण पुढे कोणी परका वाचेल म्हणून मी फोड करून लिहिलं. १९२३ च्या जानेवारीत सात कॉलेजांची सात माणसं बर्फामुळे कॉटनवुडच्या रेल्वे डेपोत दोन दिवस अडकून पडली. त्यात स्वीडिश लुथरन होते, मेनोनाइट होते, मेथडिस्ट होते, एक कॅथलिक पाद्री होता. एरवी एकमेकांच्या सावलीला उभी न राहणारी ही मंडळी, पण शेगडी एकच होती. पहिल्या दिवशी ते एकमेकांच्या फुटबॉल टीम कशा लबाड आहेत यावर भांडले, आणि दुसऱ्या दिवशी कंटाळून त्यांनी मंडळ काढलं. गुप्त मतदान हवं, तर चिठ्ठ्या करायला कागद नव्हता. पण त्यांच्यात एक बियाणं विकणारा अडकला होता. त्याने पिशवी सोडली आणि प्रत्येकाला मक्याचे दोन दाणे दिले, एक पिवळा, एक लाल. स्टेशनमास्तरने आपली टोपी दिली. पिवळा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही.

तेव्हापासून आपण तेच केलं. बंद मूठ टोपीत घालायची, एक दाणा सोडायचा, दुसरा खिशात टाकायचा आणि घरी जाताना वाटेतल्या कुठल्याही शेतात भिरकावून द्यायचा. आपण कोणत्या रंगाचा टाकला ते मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. टोपीत एक जरी लाल निघाला, तरी तो विषय पुढच्या वर्षीच्या सभेपर्यंत थांबला. शेतकऱ्याला एक हंगाम थांबता येतं, असं ते म्हणत. १९८१ साली आपण दोघी त्या टेबलाशी बसलेल्या पहिल्या बायका. आठवतं का, सेंट वॉल्बर्गच्या फादर बोनिफेसनी आपल्यापुढे दाणे ठेवले आणि म्हणाले, "बायांनो, हे खायचे नाहीत हं." तू म्हणालीस, "नाही फादर, तुमच्यासाठीच ठेवतो, उपासाला उपयोगी पडतील." सगळे हसले, सर्वांत जास्त तेच हसले. मी मात्र हसले नाही. मला वाटलं, हे मला का नाही सुचलं?

मधली पानं म्हणजे नुसतं येणं-जाणं आहे. धुळीच्या वादळांच्या वर्षांत दोन कॉलेजं मिटली. सरकारी शिक्षक-कॉलेज फुगलं, स्वतःला विद्यापीठ म्हणवू लागलं आणि मोठ्यांच्यात खेळायला निघून गेलं. जाताना त्यांचा माणूस रडला म्हणे, पण गेला. १९६४ साली आपण अकरा होतो, ती सर्वांत मोठी संख्या. जो जो गेला त्याचा झेंडा प्रत्येक जिममधून खाली उतरवायचा आणि उरलेल्यांनी सरकून जागा भरायची, म्हणजे भिंतीवर भोक दिसत नाही. आमच्या जिममध्ये आता तीन झेंडे आहेत. लांबलचक भिंतीवर ते कितीही सरकवले तरी भिंतच दिसते.

आपल्या दोघींची पानं लिहिताना मात्र हात भरभर चालला. तुझं वेदरबी आणि माझं कल्मार, दोघी व्हॉलीबॉलच्या कोच. अकरा वर्षं तू जिंकलीस आणि अकरा वर्षं मी दुसरी आले. दरवेळी नेटखालून हात मिळवताना तू म्हणायचीस, "पुढच्या वर्षी तुझंच गं, आर्डिस." तू ते मनापासून म्हणायचीस हेच मला सोसायचं नाही. मग आपण माझ्या बसच्या पायरीवर बसून कोबी-खिम्याचे बन खायचो, आणि तू माझ्या मुलींना त्यांच्या चुका समजावून सांगायचीस, माझ्यापेक्षा चांगल्या. मी तुझ्यावर जीव टाकला, लव्हॉन, ते खोटं नाही. पण घरी जाताना चाळीस मैल मी दात आवळून गाडी चालवायचे, तेही खोटं नाही.

आणि हार्लन. हार्लन रेगियर, ग्रुनफेल्डचा रसायनाचा मास्तर आणि धावण्याचा कोच, पन्नाशीला आलेला ब्रह्मचारी, ज्याच्याशी बोलायचं तर आधी त्याच्या गप्प बसण्याची सवय करावी लागायची. तो दर गुरुवारी त्याच्या आईच्या हातचे दुमजली पाव घेऊन तुझ्याकडे जेवायला येऊ लागला, तेव्हा आख्ख्या मंडळात मी पहिली, जिला ते कळलं. त्यांच्या मेनोनाइट लोकांत अंगठी देत नाहीत, म्हणून त्याने तुला भिंतीवरचं घड्याळ दिलं. रशियातून त्याच्या पणजीने आणलेलं, तबकडीवर गुलाब रंगवलेलं. तू मला फोन करून म्हणालीस, "अगं, वाजत नाही ते, नुसतं टकटक करतं. अगदी त्याच्यासारखं." ऑगस्टमध्ये लग्न ठरलं होतं. मी निळा ड्रेस शिवायला टाकला होता.

मग ते १९९४. वेदरबीत फुटबॉलला एकोणीस मुलं उरली आणि तुमच्या कॉलेजने टीम बंद केली. मंडळाचा नियम, फुटबॉल नाही तर सभासदत्व नाही. तुम्ही सवलत मागितलीत. ज्याचा प्रश्न त्याने बाहेर बसायचं, म्हणून तू फलाटावरच्या बाकावर, समोर धान्याचं कोठार आणि मे महिन्याचा वारा, आणि आत आम्ही सात जण. हार्लन उठून बोलला. म्हणाला, "नियम केला तो आपणच. आज वेदरबीसाठी वाकवला तर उद्या कोणाला नाही म्हणायचं, याचा विचार करून दाणा टाका." एवढंच बोलून बसला. टोपी फिरली. सहा पिवळे, एक लाल.

दार उघडून आम्ही बाहेर आलो तेव्हा हार्लनला तुझ्याकडे बघवेना. मी तुला मिठी मारली आणि म्हटलं, "एकच वर्ष गं, पुढच्या मेमध्ये होऊन जाईल." तू माझ्या खांद्याशी हळू विचारलंस, "हार्लनच ना?" मी म्हटलं, "मला सांगता येत नाही, तुला माहीत आहे." तिथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हटलं, "पण आत तो काय बोलला ते तू ऐकायला हवं होतंस." आणि मग तू मला ते सांगायलाच लावलंस, आणि मी सांगितलं, शब्दाला शब्द. एक शब्दही खोटा नव्हता.

त्यानंतर तू त्याच्याशी बोलली नाहीस. तो तीन गुरुवार येऊन तुझ्या दाराशी उभा राहिला, असं तुझी शेजारीण सांगायची. तू त्याला दारातूनच एवढंच म्हणालीस, "लाल टाकला नाहीस असं म्हण, मी आत घेते." तो म्हणाला, "ते मला सांगता येत नाही, लव्हॉन." मेनोनाइट माणूस तो, त्यांच्यात शपथ घेत नाहीत, शब्द दिला की संपलं. १९७८ साली पहिल्यांदा टोपीत हात घालताना त्याने शब्द दिला होता. आपण सगळ्यांनीच दिला होता, पण आपल्यातल्या बाकीच्यांना तो गंमतीचा भाग वाटायचा.

घड्याळ परत द्यायला तू मला पाठवलंस. मी ते ब्लँकेटमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं आणि ग्रुनफेल्डला नेलं. त्याने दार उघडलं, घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "बरी आहे ना ती?" मग घड्याळ हातात घेऊन म्हणाला, "तिने विचारलं नाही, आर्डिस. तिने ठरवलं." मी त्याच्या स्वयंपाकघरात उभी होते. चुलीवर कसलं तरी सूप होतं. मला बसायला म्हणाला, आणि मी म्हटलं, नको, सराव आहे.

त्या वर्षी वेदरबीला कोणी खेळायला मिळेना. मंडळाबाहेरच्या कॉलेजशी कोण सामने ठरवणार? खेळाडू मुलंमुली दुसरीकडे गेली, त्यांच्यामागे त्यांच्या मित्रमैत्रिणी गेल्या. तुझी ट्वायला नोवोट्नी, तुझी सर्वांत चांगली सेटर, चेंडू उंचावून देणारी, तिला तू स्वतः माझ्याकडे आणून सोडलंस. "आर्डिसकडे राहा, ती तुला जपेल," असं तिला म्हणालीस, आणि मला म्हणालीस, "हिचा डावा गुडघा बघत जा." नोव्हेंबरात आम्ही जिंकलो. ट्वायलाच्या हातावर जिंकलो. तू प्रेक्षकांत बसली होतीस आणि नेटपाशी येऊन म्हणालीस, "बघ, म्हटलं होतं ना तुला?" मार्चमध्ये वेदरबी बंद झाल्याचं जाहीर झालं. मेची सभा यायला दोन महिने होते.

आमच्या जिममध्ये जिंकल्याचा एकच झेंडा आहे, व्हॉलीबॉल, १९९४. अठरा वर्षं मी त्याच्याखाली शिट्टी वाजवली. मुली विचारायच्या, "कोच, त्या वर्षी काय केलं होतं तुम्ही?" मी म्हणायचे, मेहनत. गेल्या आठवड्यात लिलाव करणारी माणसं जिम बघायला आली, तेव्हा मी शिडी मागवून तो स्वतः उतरवला. लोकांना वाटलं, म्हातारीचा जीव अडकलाय त्यात. एकोणऐंशी वर्षांची बाई शिडीवर चढली, म्हणून रखवालदार मला खूप बोलला. तो झेंडा मी घरामागच्या पिंपात जाळला. तो नायलॉनचा होता, नीट जळला नाही, नुसता वितळला.

हार्लन फेब्रुवारीत गेला ते मी तुला कळवलं होतं. तू म्हणालीस, "बरं. कळवलंस, बरं केलंस." आणि विचारलंस, बर्फ किती आहे. मी दफनाला गेले होते. लांब बाकांवर भावंडं, पुतणे, त्याची पळणारी मुलं, आता तीही टक्कल पडलेली. तुझ्याबद्दल कोणी काही बोललं नाही. त्याच्या घरात तीस वर्षं बायकोची जागा रिकामी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणामुळे, तेही सगळ्यांना ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. मी बाकाशी उभी राहून त्यांच्याबरोबर त्यांचं चार आवाजांतलं भजन गायले. मला गाता आलं, लव्हॉन, याची मला भीती वाटते.

एप्रिलमध्ये त्याची पुतणी वर्ना घड्याळ घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काकाने सांगून ठेवलं होतं, हे लव्हॉनचं आहे म्हणून. पत्ता तुमच्याकडे असेल." घड्याळ अजून चालतं. मी तबकडी पुसली, आणि मागची धूळ पुसायला ते उलटं केलं, तर लाकडाला एक छोटं पाकीट चिकटवलेलं होतं. त्यावर त्याच्या अक्षरात 'मे १९९४', बाकी काही नाही. मी ते वाफेवर धरून उघडलं. माझ्यासाठी नव्हतं, तरी उघडलं. आत मक्याचा एक लाल दाणा होता.

तो या पत्रासोबत ठेवला आहे. घड्याळ मागाहून येईल. दोन दाणे मिळतात, एक टोपीत जातो, एक खिशात राहतो, हे तुला मी सांगायला नको. हार्लनच्या खिशात लाल राहिला, म्हणजे टोपीत त्याने पिवळा टाकला. वाटेतल्या शेतात न फेकता त्याने तो तुझ्या घड्याळामागे ठेवला, आणि तीस वर्षं कोणाला दाखवला नाही. माझ्या खिशात राहिला होता तो पिवळा. तो मी त्याच संध्याकाळी तुझ्या घरून निघताना तुझ्या शेजारणीच्या कोंबड्यांना टाकला. मला तुमचं वाईट करायचं नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. मला फक्त एक हंगाम हवा होता, ज्यात तू नसशील. तो मला मिळाला. हार्लन गेला तेव्हाही मी गप्प बसले असते, दाणा सापडला नसता तर गप्पच मेले असते, हेही तुला माहीत असावं. हे पत्र टाकलं की १९९४ च्या पानावर मी माझं नाव लिहिणार आहे आणि शनिवारी ते टेबलाशी वाचून दाखवणार आहे. मग उरलेले दोघे मला काय म्हणायचं ते म्हणोत. तुझं कॉलेज, तुझं घर, तो माणूस, यातलं काहीच मला परत करता येत नाही. काल मी हा दाणा घेऊन गावातल्या बियाण्याच्या दुकानात गेले आणि विचारलं, तीस वर्षांचा आहे, पेरला तर येईल का? दुकानदाराने तो नखाने दाबून पाहिला आणि म्हणाला, नाही बाई, हा आता येत नाही.

'तुझीच' लिहायचा हक्क मला नाही, पण चाळीस वर्षं दुसरं काही लिहिलेलं नाही.

तुझीच,
आर्डिस